चित्र बघायला शिकताय? ‘काय काढलंय’च्या आधी ‘कशानं काढलंय’ ते बघा

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट जाता येतं, आत गार असतं आणि माझं ऑफिस तिथून सात मिनिटांवर होतं. मे महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जायला लागले त्याचं कारण एवढंच. हात पाठीमागे बांधून एक फेरी मारायची, एखाद्या चित्रासमोर मान तिरकी करायची, आणि चित्रकार स्वतःच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असला तर त्याची नजर चुकवून सटकायचं. दोन वर्षं हेच चाललं. चित्रं आवडतायत की नाही, तेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

मग माझी भाची जेजेला, म्हणजे जे. जे. कला महाविद्यालयात, लागली. तिला घेऊन एकदा गेले आणि सवयीनं विचारलं, “हे काय काढलंय गं?” ती म्हणाली, “मावशी, ते नंतर. आधी कशानं काढलंय ते बघ.”

हा सगळा लेख म्हणजे तिच्या त्या एका वाक्याचा विस्तार आहे. मी चित्रकार नाही, समीक्षक तर नाहीच. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. पण चित्रासमोर बावचळून उभं राहणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. तैलरंग, जलरंग, रोलर, दरवाजाला लावायचा इनॅमल पेंट यांपैकी चित्रकारानं काय हातात घेतलं, यावर त्याच्या चित्रात काय घडू शकतं हे बरंचसं ठरतं. ते ओळखता आलं की शैली वगैरे मोठे शब्द आपोआप जागेवर येतात. उदाहरणं मुद्दाम बहुतेक मुंबईशी नातं असलेल्या चित्रकारांची घेतली आहेत, कारण त्यांची नावं आपण ऐकलेली असतात आणि कामं जाऊन बघता येतात.

बरोबर काय घ्यायचं

- छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, बऱ्याच संग्रहालयांत चालत नाही.
- जवळचा चष्मा. मी पहिल्यांदा विसरले होते, अर्धा दिवस फुकट गेला.
- साधं भिंग, घरी छापील चित्रं तपासायला. गॅलरीत ते काढून चित्रावर वाकलात तर रखवालदार धावत येईल.
- ओळखपत्र आणि सुटे पैसे. मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते, म्हणून पिशवी लहानच न्या.
- घरच्या प्रयोगांसाठी: शाळकरी जलरंगांची पेटी, जाड कागद, पोस्टर कलर, रद्दी आणि एक जुनं लाटणं. लाटणं का ते सहाव्या पायरीत कळेल.

१. घरातल्या रविवर्म्यापासून सुरुवात करा

गॅलरीत जायच्या आधी घरातली, नाहीतर आजोळच्या घरातली लक्ष्मी-सरस्वतीची जुनी तसबीर खाली काढा. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथून निघालेली देवादिकांची चित्रं म्हणजे ओलिओग्राफ. एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावरून एकावर एक छपाई आणि शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वॉर्निश. हौशी लोक त्यावर खरी जर आणि टिकल्याही चिकटवत.

भिंग लावा. दगडावरच्या छपाईत रंगाचे कण वाळूसारखे वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, जाळीसारखे असतात. हा फरक मी पैसे मोजून शिकले. जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून ‘अस्सल प्रेसचं’ म्हणून एक सरस्वती घेतली. फ्रेम जुनी होती, काचेवर डागही जुने होते. घरी येऊन भिंगातून पाहिलं तर सगळीकडे शिस्तशीर ठिपक्यांची रांगोळी. फ्रेम मात्र चांगली आहे, ती अजून वापरते.

आता मूळ तैलचित्र यापेक्षा वेगळं कसं असतं ते बघायचं. त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या तिथल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. गुजरातेत जाणं होत असेल तर बडोद्याचा संग्रह तर फारच मोठा.

तैलरंग म्हणजे तेलात, बहुतेक वेळा जवसाच्या तेलात, घोटलेला रंग. तो दिवसचे दिवस ओला राहतो. या एका गुणावर रविवर्म्याचं अर्धं काम उभं आहे. गालावरचा उजेड हनुवटीखालच्या सावलीत कुठे विरघळला ते सापडत नाही, कारण ओल्यात ओला रंग मिसळायला त्याला भरपूर वेळ मिळत होता. उलट पदराच्या जरीजवळ जा. तिथे मिसळण नाही. गडद रंग वाळल्यावर वर पिवळसर पांढऱ्याचे सुटे ठिपके टेकवलेत. जवळून ते नुसते ठिपके असतात, चार पावलं मागे सरलात की जर चमकते. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता. त्यानं शिकवायला नकार दिला, तेव्हा रविवर्म्यानं त्याचं काम नुसतं बघून तंत्र उचललं असं सांगतात. म्हणजे बघून शिकायची परंपरा जुनीच आहे.

२. हळदणकरांचा दिवा: जिथे रंग नाही तिथे बघा

हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड आणि त्या उजेडात उजळलेला बाईचा चेहरा. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठे ना कुठे पाहिलेलं आहेच. बहुतेक ठिकाणी खाली ‘राजा रविवर्मा’ लिहिलेलं असतं.

ते रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, १९४०च्या दशकातलं. रविवर्मा १९०६ मध्येच वारला. चित्रातली तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

पण सनावळी बाजूला ठेवा. तारीख माहीत नसतानाही ओळखता यायला हवं, कारण हे जलरंगातलं काम आहे आणि रविवर्म्याची ख्याती तैलरंगाची. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरा म्हणजे कागद. उजेड हवा तिथे कागद तसाच सोडायचा, किंवा त्यावरून पाण्यासारखा पातळ एकच हात फिरवायचा. तैलरंगात अंधार आधी रंगवून वर उजेड चढवता येतो, चुकलं तर खरवडून पुन्हा काढता येतं. जलरंगात हिशेब उलटा. उजेड कुठे असणार हे पहिल्या फटकाऱ्याआधी ठरलेलं पाहिजे, कारण एकदा काळोख सांडला की मागे फिरता येत नाही. त्या चित्रात अंधार इतका गडद आहे आणि तरी तळव्याच्या कडेची लाली स्वच्छ राहिली आहे. असं काम म्हणजे किती आधी ठरवून, किती दम धरून केलेलं असणार!

घरचा प्रयोग: कागदावर निरांजनाची ज्योत पेन्सिलीनं पुसट आखा. आता ज्योत सोडून बाकी सगळं काळं-निळं करा. ज्योतीला ब्रश लावायचा नाही. पहिल्या तीन वेळा पाणी ज्योतीत शिरेल. चौथ्यांदा हळदणकरांपुढे हात जोडाल.

३. प्रत्येक चित्र तीन अंतरांवरून बघा

नवखा माणूस सगळी चित्रं एकाच अंतरावरून बघतो, साधारण चार फुटांवरून. लेबल तेवढ्यावरून वाचता येतं म्हणून. हे मोडा.

पहिलं अंतर: खोलीचं दुसरं टोक. तिथून फक्त मोठे आकार, काळंपांढरं आणि तोल दिसतो.

दुसरं: चित्राच्या उंचीच्या साधारण दीडपट. इथे चित्रकार तुम्हाला काय दाखवू पाहतोय ते दिसतं.

तिसरं: हातभर. हात मागे बांधून. इथे चित्र नाहीसं होतं आणि काम दिसायला लागतं. ब्रशचे केस कुठल्या दिशेला गेले, खालचा रंग कुठे डोकावतोय, कॅनव्हासची वीण झाकली आहे की उघडी ठेवली आहे.

शिवाय एकदा बाजूनं बघा, भिंतीला जवळजवळ गाल लावून. रंगाचे उंचवटे सावल्या टाकतात. फ्रान्सिस न्यूटन सूझा हा गोव्यातल्या साळगावचा. त्यानं १९६५च्या सुमारास काळ्यावर काळा रंग वापरून काही चित्रं केली. समोरून नुसता काळा चौकोन दिसतो. दिवा बाजूनं पडला, किंवा तुम्ही बाजूला सरलात, की जाड रंगात ओढलेल्या रेषा चकाकतात आणि माणूस उगवतो. हे चित्र फोटोत बघून काही उपयोग नाही.

४. रेषा आधी की रंग आधी, ते ठरवा

हा प्रश्न प्रत्येक चित्राला विचारा. उत्तर नेहमी मिळतं असं नाही, पण विचारल्यानं डोळा कामाला लागतो.

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत होते. होर्डिंगचा धंदा डोळ्यांसमोर आणा. परांचीवर उभं राहायचं, दहा फुटी नाकासमोर तोंड, मागे जाऊन बघायची सोय नाही, उद्या चित्रपट लागणार. तिथे रेषा ठाम लागते, रंग मोठमोठ्या सपाट पट्ट्यांत लावायला लागतो आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला एका नजरेत कळायला लागतं. आता हुसेन यांचे घोडे बघा. मान, पाठ, पुठ्ठा एका दमात, जवळजवळ न थांबता ओढलेला. बऱ्याच ठिकाणी रंग रेषेच्या बाहेर सांडलेला असतो, नाहीतर रेषेपर्यंत पोचलेलाच नसतो. ते त्यांना पुसायचं नसतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचं सुमारे ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र आहे. एवढी लांबी त्यांच्या हाताला परकी का वाटली नसेल, ते होर्डिंग आठवलं की कळतं. संस्था संशोधनाची आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. आधी चौकशी करा, नाहीतर माझ्यासारखं गेटवरून परत याल.

सूझाची रेषाही ठळक, पण जात वेगळी. हुसेनची रेषा धावते, सूझाची कोरते. काळी, जाड, कुंपण घातल्यासारखी. चर्चच्या रंगीत काचांना शिशाच्या पट्ट्यांनी बांधलेलं असतं ना, मला नेहमी तेच आठवतं. गोव्यातल्या कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाच्या चित्रांत ते यावं यात नवल नाही. पुढे त्यानं मासिकांच्या गुळगुळीत पानांवर रसायन लावून छापील शाई विरघळवायची आणि त्यातून चित्र काढायचं, असाही उद्योग केला. काढण्याऐवजी पुसून चित्र करायचं. हे मनात ठेवा, गायतोंड्यांकडे जाताना लागेल.

५. एकच हात, तीन साहित्यं: रझा

सय्यद हैदर रझा म्हटलं की सगळ्यांना बिंदू, म्हणजे चित्रातलं ते मोठं वर्तुळ, आठवतो. पण त्यांची सुरुवातीची मुंबईची जलरंगातली दृश्यं बघा: ओलसर रस्ते, एकमेकांत उतरलेले रंग. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथे तैलरंग हाताला लागला आणि गावं, चर्चं, झाडं रंगाच्या जाड लगद्यात उमटायला लागली. बऱ्याच नंतर ॲक्रिलिक आलं. ॲक्रिलिक पाण्यात कालवतात, ते बघता बघता वाळतं आणि एका रंगाची कड दुसऱ्याला लागत नाही. वर्तुळं, त्रिकोण, पट्ट्या स्वच्छ उभ्या राहतात. बिंदूमागे तत्त्वज्ञान आहेच, मी नाही म्हणत नाही. पण तेच वर्तुळ १९५०च्या दशकातल्या त्या लगद्यात काढलं असतं तर ते असं निवांत बसलं नसतं.

६. गायतोंडे: इथे वीस मिनिटं काढा

बहुतेक जण इथे हरतात. मीही हरले होते. वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की ओळखीचं काहीच नसतं. उभट कॅनव्हास, सगळीकडे एकाच रंगाची धग, कुठेतरी मधोमध तरंगणारे तुटक आकार. शेजारचा माणूस हमखास म्हणतो, “हे तर आमचा बंड्यापण काढेल.”

बंड्या नाही काढू शकणार. सांगते का ते.

गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात, जेजेतून १९४८ मध्ये पदविका घेतली. सुरुवातीला माणसं, रेषा, आकार सगळं होतं. पुढे ते गळत गेलं. १९६०च्या दशकाच्या शेवटाकडे त्यांच्या हातात ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग कालवायची बोथट सुरी) जास्त दिसायला लागले. ब्रश हाताची सवय दाखवतो. मनगट वळलं की फटकारा वळतो, चित्रकार ओळखू येतो. रोलरला ही लकब नसते. तो सपाट, सारखा थर देतो. स्वतःचा हात चित्रातून काढून घ्यायचा तर हत्यारच बदलायला हवं, आणि त्यांनी ते बदललं.

मग थर. पातळ केलेला रंग रोलरनं फिरवायचा. वाळू द्यायचा. वर दुसरा. पॅलेट नाइफनं काही ठिकाणी खरवडायचं, म्हणजे खालचा उजळ होऊन वर येतो. फाडलेले कागद रंगवून ओल्या पृष्ठभागावर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा, कागद उचलायचा. कागदावरचा रंग थोडा खाली उतरतो, खालचा थोडा कागदाबरोबर निघून येतो. ते तरंगणारे आकार असे आलेले असतात. ते ‘काढलेले’ नाहीत, उमटलेले आहेत. म्हणूनच त्यांच्या कडा अशा असतात की आकार पुढे आहे की मागे, तेच ठरत नाही.

हे सगळं दिसायला किती सैल वाटलं तरी कशाचा ठसा कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, हे ठरवण्यात त्यांचा बहुतेक वेळ जाई. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं, त्यापेक्षा जास्त नाहीत. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करणं शरीराला झेपेना. त्यानंतरची कागदावरची शाईची छोटी कामं पाहिलीत की तंत्र शरीरावरही किती अवलंबून असतं ते दिसतं.

बघायचं कसं? बाकड्यावर बसा. पहिली पाच मिनिटं काहीच घडणार नाही, घड्याळ बघावंसं वाटेल. मग डोळे त्या रंगाला सरावतात आणि थर वेगळे व्हायला लागतात. नंतर हातभर अंतरावर जा आणि एकच वीतभर जागा निवडा. तिथे किती रंग आहेत ते वहीत लिहा. मी एका करड्या म्हणून पाहिलेल्या चित्रात हिरवा, तांबूस आणि गेरू असे तीन मोजले. त्या दिवशी ऑफिसला पंचवीस मिनिटं उशिरा पोचले.

घरचा प्रयोग, लाटण्याचा:

- जाड पुठ्ठ्यावर पोस्टर कलरचा एक फिका थर द्या, वाळू द्या.
- वर गडद थर द्या आणि तो ओला असतानाच रद्दीचे फाडलेले तुकडे त्यावर ठेवा. कात्रीनं कापू नका, कड फाटकीच हवी.
- वरून कोरा कागद ठेवून लाटणं फिरवा. दाब कमीजास्त करत राहा.
- तुकडे हळूच उचला.

पहिल्यांदा नुसता चिखल होईल. दुसऱ्यांदा एखाद्या कोपऱ्यात असं काही उमटेल की तुम्हीच चमकाल, आणि तिसऱ्यांदा तेच पुन्हा आणायला जाल तर येणार नाही. आता त्या माणसानं हे वर्षानुवर्षं ताब्यात कसं ठेवलं असेल त्याचा विचार करा. (लाटणं वेगळं ठेवा. माझ्याकडच्या दोन पोळ्यांना निळी झाक आली होती.)

७. बर्वे आणि दाराचा रंग

प्रभाकर बर्वे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. त्यांच्या बऱ्याच कॅनव्हासवरचा रंग इनॅमल आहे, आपण दारा-खिडक्यांना लावतो त्या जातीचा. इनॅमल वाहतो, आपला आपण समतल होतो आणि ब्रशची खूण जिरवून टाकतो. बर्व्यांच्या चित्रात पान, घड्याळ, अंडं, फळ अशा साध्या वस्तू रिकाम्या जागेत अधांतरी असतात. ती जागा इतकी शांत वाटते कारण तिच्यावर हाताची खूणच नाही. लेबलावर ‘इनॅमल’ शब्द दिसला की थांबायचं, एवढं लक्षात ठेवा.

८. परदेशात असाल तर

शिकागोच्या मराठी मंडळींचं नशीब चांगलं. तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये दोन चित्रं एका दिवसात होतात.

सरा या फ्रेंच चित्रकाराचं ‘ग्रांद जात’ बेटावरचं रविवारचं चित्र, १८८४ ते ८६. साधारण दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद आणि सगळं बारीक ठिपक्यांनी भरलेलं. रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळण तुमच्या डोळ्यानं करायची. याचा परिणाम बघा: एवढी माणसं, कुत्री, माकडसुद्धा, पण कुणी हलतंय असं वाटत नाही. ठिपक्यांनी धावतं माणूस काढणं अवघड. तंत्रानं चित्राला गप्प बसवलंय.

दुसरं व्हॅन गॉगची शयनगृहाची खोली. याच्या तीन आवृत्त्या आहेत, बाकी दोन ॲमस्टरडॅम आणि पॅरिसला. रंग इतका जाड की पलंगाच्या फळ्या खरोखर फळ्यांसारख्या उभ्या राहतात. पण भिंती निळ्या दिसतात ना, त्या मुळात जांभळट होत्या. तांबडा रंग उजेडानं उडून गेला, निळा राहिला. त्या निळ्यावरून त्याच्या उदासीबद्दल मी एकदा मैत्रिणीला बरंच काही ऐकवलं होतं. नंतर हे कळलं. तेव्हापासून रंगावरून चित्रकाराच्या मनात शिरायच्या आधी जरा थांबते.

लंडनला असाल तर नॅशनल गॅलरीत त्याची सूर्यफुलं आहेत, प्रवेश फुकट. तिसऱ्या पायरीतलं बाजूनं बघणं तिथे करून बघा.

९. हमखास फसायच्या जागा

लेबल आधी वाचणं. लेबल वाचलं की डोळे त्याच्या आज्ञेत जातात. आधी चित्र, आधी वहीत अंदाज, मग लेबल. लेबलातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे नावाखालची बारीक अक्षरं: ‘कॅनव्हासवर तैलरंग’, ‘कागदावर जलरंग’. शीर्षक पुष्कळदा नुसतंच ‘शीर्षकरहित’ असतं, त्यावर रागावू नका.

फोनवर बघून मत बनवणं. पडद्यावर दहा फुटी हुसेन आणि वहीच्या पानाएवढा रझा एकाच मापाचे होतात. पोत तर जातोच.

सगळं बघायचा हट्ट. पैसे वसूल करायला म्हणून आपण शंभर चित्रं बघतो आणि घरी येऊन एकही आठवत नाही. एका फेरीत चार. पाचवं फार आवडलं तरी पुढच्या खेपेला.

शैलीचा शिक्का मारणं. ‘हा प्रभाववादी’, ‘तो अमूर्त’ असं म्हटलं की बघणं संपतं. मी सहा महिने असे शब्द फेकत होते. भाचीनं विचारलं, “म्हणजे त्यानं नक्की केलं काय?” तेव्हा तोंडाला कुलूप.

अजिंठ्याला फ्रेस्को म्हणणं. हे तर गाईडही म्हणतात. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवणं, गिलावा वाळायच्या आत आटपावं लागतं, मग रंग भिंतीतच मुरतो. अजिंठ्याचं काम वाळलेल्या गिलाव्यावर आहे, रंग डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून. म्हणून ते पापुद्र्यांनी सुटतं, आणि म्हणूनच तिथे हात लावायचा नाही, श्वाससुद्धा सांभाळून घ्यायचा.

काचेचं प्रतिबिंब. कागदावरची कामं काचेमागे असतात आणि अर्धा वेळ आपलाच चेहरा दिसतो. गडद कपडे घालून जा. हसू नका, फरक पडतो.

१०. पहिल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. जहांगीर निकल्सन यांनी जमवलेला आधुनिक चित्रांचा संग्रह तिथे आहे. एकाच ठिकाणी बरीच वरची नावं भेटतात. तिकीट थोडं जास्त आहे, पण बाकीचं संग्रहालयही त्यातच होतं.

दुसरी, समोरच्या चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सोमवारी बंद. तिथे प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे गायतोंडे भेटतीलच असं धरून जाऊ नका. सध्या काय लावलंय ते आधी बघा. फोटो काढायचा असेल तर विचारा, फ्लॅश कधीच नाही.

तिसरी फेरी जहांगीरला, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कारण इथे चित्रकार जिवंत असतो आणि बहुधा खुर्चीवर कंटाळलेला असतो. त्याला ‘याचा अर्थ काय’ विचारू नका, तो प्रश्न त्यानं सकाळपासून वीसदा ऐकलेला असतो. विचारा, “हे कशानं केलंत?”

मी पहिल्यांदा हे विचारलं ते साठीच्या पुढच्या एका गृहस्थांना. चित्रात निळ्यावर पांढऱ्या समांतर रेघांचं रान होतं, ब्रशनं येणं शक्य नाही अशा रेघा. ते तटकन उठले, इकडे तिकडे बघितलं आणि खिशातून मुदत संपलेलं एटीएम कार्ड काढलं. एका कडेला कात्रीनं दाते पाडलेले होते आणि दात्यांत निळा रंग वाळून बसला होता. “हे घ्या, बघा,” म्हणाले, आणि माझी जेवणाची सुट्टी संपून गेली तरी ते पाकिटातली बाकीची कार्डं दाखवतच होते.